लातूरहून पुण्याला कुत्रं न्यायचंय, वाटेत कुणाला चावलं तर जबाबदारी कुणाची?

नमस्कार मंडळी. आम्ही लातूरचे. घरी साडेतीन वर्षांचं कारवानी जातीचं कुत्रं आहे, शेरू. मे मधे वडिलांचं ऑपरेशन पुण्यात आहे, महिनाभर सगळेच तिकडं राहणार, शेरूला इथं सांभाळायला कुणी नाही म्हणून सोबत न्यायलोत. मुरुड, येडशी, बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी असं गाडीनं जायचा विचार आहे.

खरी भीती वेगळीच आहे. जानेवारीत बार्शीच्या पुढं एका ढाब्यावर थांबलो होतो, पोरानं गाडीचं दार उघडलं आणि शेरू खाली, ढाब्यावरचं १४-१५ वर्षांचं पोरगं ताटं घेऊन चाललं होतं त्याच्या पोटरीला दात लागले, रक्त आलं, तिथल्या माणसांनी जखमेवर तिखट चोळलं, आम्ही इतके घाबरलो की कुणी अडवलं पण नाही. नंतर सरकारी दवाखान्यात नेलं, सगळे डोस झाले, जाण्यायेण्याचा खर्च आम्हीच दिला. त्याचे वडील पोलिसात जातो म्हणत होते, शेरूचं लसीचं कार्ड दाखवल्यावर शांत झाले. पण ते पोरगं रडत होतं ते अजून डोळ्यासमोरून जात नाही हो. परत असं झालं तर कायदा काय म्हणतो? आणि गाडी बरी का रेल्वे?

— धाराशिवचा वकील
भाऊ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिचं कलम २९१ बघा, प्राणी सांभाळताना केलेल्या निष्काळजीपणाचं. आधी आयपीसीत (जुन्या भारतीय दंड संहितेत) हेच २८९ होतं, दंड १००० होता, आता ५००० पर्यंत आहे आणि सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कलमात शब्द "ताब्यातला प्राणी" असा आहे. म्हंजे लायसन कुणाच्या नावावर, कुत्रं कुणी आणलं हे नंतर, त्या वेळी साखळी ज्याच्या हातात होती त्याला पण विचारणार. दार पोरानं उघडलं तरी मोठी माणसं तुम्हीच होतात. जखम झाली की पोलीस सोबत कलम १२५ (दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात घालणं) पण लावू शकतात.

दुसरं, आणि हे नीट ऐका. जानेवारीच्या आधी तुम्ही म्हणू शकला असता की आमचं कुत्रं कधीच चावत नाही. आता नाही म्हणता येणार. एकदा चावलंय हे तुम्हाला माहितीय, त्यामुळं पुढच्या वेळी निष्काळजीपणा सिद्ध करायला समोरच्याला फार कष्ट पडायचे नाहीत, आणि फौजदारी सोडून दिवाणी भरपाईचा दावा वेगळा येऊ शकतो. म्हणून गाडीतून उतरायच्या आधी तोंडाला जाळी, पण पिंजऱ्यासारखी बास्केटवाली, कापडाची आवळपट्टी नको. तुम्ही दिलेल्या पैशाच्या पावत्या जपून ठेवा. कुत्र्याच्या विम्यात काही कंपन्या तिसऱ्या माणसाला झालेल्या इजेचं कव्हर देतात, पॉलिसी घेताना मागची चावल्याची गोष्ट लपवू नका, क्लेम तिथंच अडकतो.

— परभणी व्हेट
दादा, तिखट, चुना, हळद काहीच लावायचं नसतं. नळाखाली साबणानं १५ मिनिटं धुवायचं, तेवढ्यानंच विषाणू बराच धुऊन जातो, आणि मग लगेच दवाखाना. रक्त आलेली जखम म्हंजे लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं औषध) पण लागतं, ते जखमेतच टोचतात. तुमचं कुत्रं चावल्यावर १० दिवस ठणठणीत राहिलं ना, मंग त्या चाव्यातून रेबीजची भीती उरली नाही, हे त्या पोराच्या घरी फोन करून सांगा, त्यांनापण झोप लागंल. शेरूची लस दरवर्षीची चुकवू नका.

आता मे. जाळी बास्केटवाली हवी कारण कुत्र्याला घाम येऊन थंडावा मिळत नाही, जीभ काढून धापा टाकूनच ते गार होतं, तोंड बांधलं तर आतल्या आत शिजतंय. पहाटे चारला निघा, नऊ-दहापर्यंत भिगवण गाठा. निघायच्या आधी चार-पाच तास खायला देऊ नका, पाणी द्या, दोन तासाला थांबा. चहाला उतरताना "पाचच मिनिटं" म्हणून गाडीत बंद करून जाऊ नका, काचा थोड्या उघड्या ठेवून काही होत नाही, दहा मिनिटांत आतलं तापमान दहाएक डिग्रीनं चढतं, बाहेर ४२ असंल तर हिशोब तुम्हीच करा. डांबरावर उलटा हात सात सेकंद ठेवून बघा, तुम्हाला सोसंना तर त्याच्या पायाला पण सोसत नाही. धाप थांबंना, लाळ घट्ट झाली, लडखडायला लागलं तर साधं पाणी ओता, वारा घाला आणि दवाखाना गाठा, बर्फाचं पाणी नको. आणि माणसाची झोपेची गोळी अजिबात देऊ नका.

— नांदेडकर
रेल्वेचं माझ्या अनुभवावरून. कुत्रं सोबत ठेवायचं तर फक्त फर्स्ट एसी, ते पण अख्खं कूपे (दोन बर्थचं) किंवा केबिन (चार बर्थची) तुमच्या नावावर पाहिजे. टू एसी, थ्री एसी, स्लीपर कुठंच चालत नाही, बुकिंग न करता सापडलं तर सामानाच्या दराच्या सहापट घेतात. नाहीतर गार्डच्या डब्यातला डॉग बॉक्स. मी एकदा लॅब्रेडॉर तसा नेला, प्रत्येक मोठ्या स्टेशनला पाणी द्यायला मागं पळत होतो, गाडी सुटायची भीती वेगळी. उन्हाळ्यात तर नाहीच नाही. तुमची गाडीच बरी.

— प्रश्न विचारणारा
लई आभार सगळ्यांचे. परभणीच्या ताई, आजच फोन करतो त्या पोराच्या घरी. पट्टा साधा चामड्याचा आहे, तो चालंल ना?

— औशाचा शेतकरी
नाही चालणार. आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या कारवानी आहेत. त्याचं डोकं मानेपेक्षा जाड नसतं, मागं ओढलं की पट्टा कानावरून सटकतो आणि हातात नुसती साखळी राहते. छातीचा हार्नेस घ्या, शिवाय ओढल्यावर आवळणारा गळ्याचा पट्टा पण, दोन्हीला दोन दोऱ्या. गाडीत मागच्या सीटवर बेल्टला अडकवा, पुढं नको, एअरबॅग आहे. उतरताना आधी दोरी हातात, मंग दार. आणि येडशीला रामलिंगाजवळ थांबू नका, माकडं आहेत, शेरू वेडा होईल. या दिवसात रानात मेंढ्या बसवलेल्या असतात, त्या पाहून कारवानी ऐकत नसतो, धनगराची कुत्री पण सोडत नाहीत. थांबायचं तर पेट्रोल पंपाच्या मागच्या मोकळ्या जागेत थांबा, एकानं शेरूकडंच बघायचं, जेवायला त्यानं नंतर जायचं.