डायलॉग ऐकायला आवाज वाढवला की म्युझिक अंगावर येतं, ५.१ चं लेव्हल नक्की कसं लावायचं?

रिमोटवाला
मंडळी नमस्कार, बरेच महिने नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच विचारतोय. रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा अ‍ॅम्प्लिफायर), पुढे दोन टॉवर, सेंटर, मागे दोन छोटे आणि सबवूफर असा ५.१ सेट आहे, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सब. प्रॉब्लेम एकच, कोणी हळू आवाजात बोललं की काही कळत नाही, आवाज वाढवावा तर पुढच्याच सीनला दार आपटलं तरी घर हादरतं, मग परत कमी करा. अख्खा पिक्चर रिमोट हातात धरून बघायचा. बायको म्हणते यापेक्षा टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बरे होते, आणि खरं सांगायचं तर तिचं काही चुकत नाही, फक्त हे तिला अजून सांगितलेलं नाही. माइक लावून ऑटो कॅलिब्रेशन केलंय (रिसीव्हर स्वतःच स्पीकरचे आवाज जुळवतो ते), पण नंतर मागचे दोन वाजतच नाहीत असं वाटलं म्हणून ते हाताने जरा वाढवले. सेंटर टीव्हीखालच्या कपाटात आहे. आता मोठा सेंटर घ्यायचं डोक्यात आहे, घेऊ का?

सबभक्त
सेंटर +३ करा, विषय संपला. माझ्याकडे दोन वर्षं तसंच आहे.

तारांचा_गुंता
थांबा, एवढ्यात काही घेऊ नका. आधी पिक्चर चालू असताना रिसीव्हरच्या डिस्प्लेवर काय येतंय ते बघा. डॉल्बी किंवा डीटीएस असं काही दिसलं तर ठीक, पण नुसतं पीसीएम (पॅक न केलेला साधा डिजिटल आवाज) आणि दोनच चॅनेल दिसले तर तुम्ही ५.१ ऐकतच नाही आहात. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये आउटपुट पीसीएमवर असेल तर बऱ्याच टीव्हीत सगळं दोन चॅनेलमध्ये गोळा होऊन बाहेर येतं, त्यात डायलॉग लेफ्ट-राइटमध्ये म्युझिकसोबत कालवले जातात आणि मग सेंटर कितीही वाढवा, त्याच्याबरोबर म्युझिकही वाढणारच. ऑप्टिकल वायर असेल तर अजून एक, त्यातून ५.१ जातं ते डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस म्हणूनच, साधं पीसीएम दोनच चॅनेलचं. तेव्हा टीव्हीत बिटस्ट्रीम किंवा पास थ्रू करा, म्हणजे आवाज न उलगडता तसाच रिसीव्हरकडे जाईल. आणि रिसीव्हर ऑल चॅनेल स्टीरिओवर नाही ना तेही बघा, त्यात एकच माणूस चारी बाजूंनी बोलतो.

रिमोटवाला
बघितलं, डॉल्बी डिजिटल प्लस येतंय. म्हणजे इथे घोळ नाही. मग आता?

कानसेन_बिनपगारी
मग जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी हे असं होतं का ते. थिएटरचा मिक्स ज्या लेव्हलला करतात तिथे टेस्ट टोन (लेव्हल जुळवायला वाजवतात तो खरखरता आवाज) दर चॅनेलला ८५ डेसिबल (डीबी) असतो आणि त्याच्यावर २० डीबी मोकळे ठेवलेले असतात, म्हणजे एका चॅनेलचा पीक १०५ पर्यंत जातो, सबच्या चॅनेलचा ११५. घरी एवढ्या आवाजात कोणी बघत नाही, आपण २०-२५ डीबी खालीच ऐकतो. सगळं सारखंच खाली येतं, पण खोलीतला पंखा काही खाली येत नाही, त्यामुळे कुजबुजीचा सीन पंख्यात बुडतो आणि स्फोट मात्र तरीही ऐकू येतो. यात तुमच्या सेंटरचा काही दोष नाही. (मिक्स करणारेही कधीकधी जरा जास्तच रंगात येतात, पण तो वेगळा विषय.)

आता तुमच्याकडे काय झालंय त्याचा माझा अंदाज. "मागचे जरा वाढवले" म्हणताय, हे जरा म्हणजे किती? आपलं सगळ्यांचं असंच होतं, मागच्या स्पीकरला पैसे मोजलेले असतात, भिंतीत वायर ओढलेली असते, मग ते सतत वाजायला हवेत असं वाटतं. पण बऱ्याच सीनमध्ये तिथे पाऊस, गर्दी असलंच काहीतरी असतं, ते जाणवलं नाही तर बरोबर आहे. रिसीव्हरमध्ये ऑडिसी (माइकने होणाऱ्या ऑटो कॅलिब्रेशनची एक सिस्टीम) असेल तर त्यातलं डायनॅमिक ईक्यू चालू आहे का बघा, ते आवाज कमी ठेवला की बेस आणि मागचे आपणहून वर उचलतं. म्हणजे मशीनने वाढवलेल्यावर तुम्ही परत वाढवलेलं असणार. बंद करा, नाहीतर ही उचल कमी करणारं रेफरन्स लेव्हल ऑफसेट हे सेटिंग १० वर नेऊन बघा.

मग टेस्ट टोन. नेहमीच्या जागी कानाच्या उंचीवर फोन ठेवा, आवाज मोजायचं कुठलंही अ‍ॅप घ्या, त्यात सी वेटिंग आणि स्लो ही सेटिंग निवडा, आणि पाचही स्पीकर एकाच आकड्यावर आणा. बहुतेक रिसीव्हरचा टोन ७५ ला धरून असतो. फोनचा आकडा खरा नसेल, पण पाचांची आपापसात तुलना करायला पुरतो. सबला मात्र फोनवर विश्वास ठेवू नका, फोनचा माइक खालच्या फ्रिक्वेन्सीला कच्चा असतो, तिथे ऑटो कॅलिब्रेशनने जे दिलं तेच ठेवा. एवढं झाल्यावर मग सेंटर २-३ डीबी वर. सबभक्तांचं +३ चुकीचं नाही, फक्त ते शेवटी करायचं, आधी नाही.

तारांचा_गुंता
+१ कानसेन. आणि ते कपाट! सेंटर आत ढकललेला असेल तर आवाज मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. स्वर ऐकू येतात, व्यंजनं हरवतात, "कशाला" आणि "मसाला" सारखंच वाटतं. पुढे ओढा, फळीच्या कडेच्या बरोबरीने किंवा चिमूटभर बाहेर, आणि तोंड कानाकडे वर करा. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, म्हणजे त्याखालचा बेस सबकडे जाईल.

सबभक्त
सब कमी करायला मात्र कोणी सांगू नका प्लीज.

रिमोटवाला
काल रात्री बसलो, आज रिपोर्ट देतोय. जरा लाजच वाटतेय. मागचे दोन्ही +६ वर होते, सब +५ वर, आणि डायनॅमिक ईक्यू चालूच. हे सगळं मीच केलेलं, कधी केलं ते आठवत नाही, बहुतेक कोणी पाहुणे आले असताना. ३ डीबीला पॉवर दुप्पट लागते असं वाचलं, म्हणजे मी मागच्यांना चौपट पाजत होतो.

सगळं शून्यावर आणून टेस्ट टोन लावला. फोन उशीवर ठेवला तर दर वेळी वेगळाच आकडा येत होता, मग चार जाड पुस्तकांच्या थप्पीवर ठेवला तेव्हा स्थिर झाला. सेंटर बाकीच्यांपेक्षा २ डीबी खालीच निघाला. पण खरा फरक कपाटाने पडला. सेंटर चांगला वीतभर आत होता, कडेपर्यंत ओढला आणि पुढच्या दोन कोपऱ्यांखाली मुलीच्या खोडरबराचे दोन तुकडे सरकवले. तोच सीन परत लावला, जिथे दोघं गाडीत बसून पुटपुटतात, आधी मी तिथे सबटायटल वाचायचो. आता त्यातली बाई वाक्य अर्धं सोडून श्वास घेते तोसुद्धा ऐकू आला. त्यानंतर सेंटर +२, बस.

स्फोट अजून मोठे आहेत, पण दुपारी चालतं. रात्री आई शेजारच्या खोलीत झोपलेली असते, त्याला काय करू?

कानसेन_बिनपगारी
भारी! रात्रीसाठी नाइट मोड. काही रिसीव्हरमध्ये तो डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन किंवा डीआरसी या नावाने मेनूत दडलेला असतो. मोठे आवाज दाबतो, बारीक आवाज उचलतो. पिक्चरची मजा थोडी जाते, म्हणून कायमचा चालू ठेवू नका. डीआरसी कधीकधी डॉल्बीचा सिग्नल असेल तरच चालतो, चालू करूनही फरक पडला नाही तर घाबरू नका. सबही ४-५ डीबी उतरवा, भिंतीपलीकडे सगळ्यात आधी तोच पोचतो.

सबभक्त
मी काय सांगितलं होतं 😭

रिमोटवाला
सबभक्त, फक्त रात्रीपुरतं हो. बाय द वे मुलगी सकाळपासून खोडरबर शोधतेय.