सोलापुरात घर बांधताना पहिला पैसा कुठे घालावा: सोलरवर की स्लॅबवर?

गच्चीवाला: जुळे सोलापूर, होटगी रोडला नवे बंगले उठतायत आणि बहुतेकांचं बजेट आधी सोलरकडे जातं. माझं मत ठाम उलटं आहे, आधी स्लॅबची धग अडवा! ११ मेच्या आसपास आपल्याकडे दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो, त्यामुळे भिंतींपेक्षा गच्ची जास्त भाजते. ती धग खोलीत उतरते ती नेमकी झोपायच्या वेळी. उतार काढा, वॉटरप्रूफिंग करा, त्यावर ५० मिमी एक्सपीएस शीट (उष्णता अडवणारा टणक फोम) सांध्याला सांधा भिडवून बसवा, मग जाळी टाकून कोबा, वर पांढऱ्या चायना चिप्स (चिनी मातीच्या टाइलचे तुकडे). नुसता पांढरा रंग मारला तर धुळीने मळतो आणि ऊन परत फेकायचं थांबतं.

बिलवाचक: ३ किलोवॉट सोलरला केंद्राचं ७८,००० रुपये अनुदान मिळतं, एक्सपीएसला छदामही नाही. दिवसाला सरासरी १२ युनिट निघतात, नेट मीटरिंगमुळे, म्हणजे दिवसा ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा होत असल्याने, रात्रीचा एसी त्यातच भागतो. शिवाय पॅनेलची सावली गच्चीवरच पडते, ती का धरत नाही?

गच्चीवाला: धरतो, पण ती ३०० चौरस फुटांपुरती. हजार फुटांच्या स्लॅबचं उरलेलं काय? आणि कोबा झाल्यावर पॅनेलच्या अँकरसाठी ड्रिल मारतात, वॉटरप्रूफिंग फुटतं, पावसाळ्यात छताला ओल येते. सोलर पाच वर्षांनी घ्यायचं असलं तरी काँक्रीटचे चौथरे वॉटरप्रूफिंगच्या आधीच ओतून ठेवा, वायरचा पाइपही काढून ठेवा.

बिलवाचक: चौथऱ्यांचं पटलं. पैशाचं नाही.

गवंडीअण्णा: भिंतींचं कुणीच बोलेना. रात्री एसी लावणार असाल तर एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र काँक्रीटचे) घ्या, खिडक्या उघडून झोपणार असाल तर नऊ इंची वीटच बरी. आपली हवा कोरडी, पहाटेपर्यंत चांगली गार होते. जाड भिंत तेव्हा निवते आणि दुपार बरीच पेलते. जुन्या माळवदाच्या घरांचं गणित हेच होतं.

गच्चीवाला: अण्णा, पश्चिमेची वीट संध्याकाळी हात लावू देत नाही. तिथे तरी ब्लॉक हवेत.

गवंडीअण्णा: मग नीट लावा. ब्लॉक भिजवून चिंब करू नका, नुसतं पाणी शिंपडा. जोड पातळ, ३ मिमी, ब्लॉकसाठी मिळणाऱ्या तयार मसाल्यात. कॉलमला भिंत मिळते तिथे गिलाव्याआधी जाळी मारा, नाहीतर उभी भेग ठरलेली. खाली काळी माती असेल तर आधी पाया बघा, तो हलला की कोणतीच जाळी पुरत नाही. आणि पश्चिमेला दोन फुटी छज्ज्याचा भरवसा धरू नका, पाचचं ऊन त्याच्या खालून आत येतं. तिकडे जिना, बाथरूम, कोठीची खोली टाका.