मदत हवी आहे: गरोदर बहिणीला कावीळ, घरचे गावठी औषधावर ठाम

नमस्कार मंडळी,

सल्ला तातडीने हवा आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

माझ्या धाकट्या बहिणीला सातवा महिना संपत आला आहे. सासर सातारा जिल्ह्यातलं. आधी मळमळ, थोडा ताप, अन्नावरची वासना गेलेली. पित्त असेल म्हणून सोडून दिलं. आता डोळे पिवळे दिसतायत आणि लघवी गडद होतेय. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं: बिलिरुबिन (काविळीचा पिवळा रंग येतो तो घटक) ६ च्या वर, एसजीपीटी (यकृताला इजा झाली की वाढणारा घटक) हजाराच्या पुढे. कावीळ कुठल्या विषाणूची आहे ते बघायला नमुना पाठवलाय, रिपोर्ट यायचाय. जिथे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि आयसीयू दोन्ही आहे अशा रुग्णालयात आजच दाखवा, असं त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलंय.

घरात मात्र वेगळंच चाललंय. शेजारच्या गावात एक आजोबा काविळीचं औषध देतात. गुरुवारी आणि रविवारी सकाळी उपाशीपोटी, गाईच्या दुधातून कसल्यातरी पाल्याचा रस. पाला कुठला ते सांगत नाहीत, सांगितलं तर गुण जातो म्हणतात. पैसे घेत नाहीत, फक्त नारळ ठेवायचा. माणूस लबाड आहे असं मी म्हणणार नाही, पंचक्रोशीत त्यांना मान आहे. बहिणीच्या सासूबाईंच्या थोरल्या मुलाची आणि पुतण्याची कावीळ तिथेच 'उतरली'. त्यांचं म्हणणं, "दवाखान्यात काविळीला औषधच नसतं, डॉक्टर स्वतःच सांगतात." हे वाक्य खोटं नाही, म्हणून तर मला उत्तर सुचत नाही. दाजी दोघींच्या मध्ये अडकलेत. रविवारचं औषध घेऊन बघू, मग दवाखाना, असं त्यांच्या मनात आहे.

गावातही साथ आहे. आळीत घराआड एक जण पिवळा पडलाय. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडलेत. काही जण म्हणतात, आजोबांना मंदिरात बोलवा आणि आजारी नसलेल्यांनाही औषध द्या. शाळेचे एक सर आणि आशाताई पाण्याचं बघा म्हणून सांगतायत, तर त्यांना 'परंपरेला नावं ठेवणारे' ठरवून गप्प केलं जातंय. रविवारी ग्रामसभा आहे, त्यात हा विषय येणार.

मला दोन गोष्टी हव्यात. मावशींशी (बहिणीच्या सासूबाई) नातं न तोडता त्यांना काय सांगू? आणि दोन दिवस थांबणं खरंच इतकं धोक्याचं आहे का, की मीच घाबरलोय? मी पुण्याहून आज रात्री निघतोय.

प्रतिसाद: सांगलीकर डॉक्टर

दोन दिवस थांबू नका. रिपोर्टचीही वाट बघू नका. बाकीचं गाडीत बसल्यावर वाचा.

साथ, पाणी आणि असे आकडे म्हटल्यावर पहिला संशय हिपॅटायटिस ई चा, म्हणजे यकृताला सूज आणणाऱ्या ई विषाणूचा. ए आणि ई हे दोन्ही विषाणू मैला मिसळलेल्या पाण्यातून आणि अन्नातून पसरतात. धडधाकट माणसाला ई ची कावीळ झाली तर ती बहुतेक वेळा एक ते सहा आठवड्यांत आपली आपण बरी होते. मावशींच्या मुलाची अशीच बरी झाली असणार, पुतण्याचीही. आजोबांचं औषध न घेताही ती बरी झाली असती. शंभर जणांना काहीही पाजलं तरी त्यातले बहुतेक बरे होणारच, आणि श्रेय पाजणाऱ्याला मिळणार. मावशी खोटं बोलत नाहीत, त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. पण त्यांनी पाहिले ते सगळे गडी.

गरोदर बाईचं गणित वेगळं आहे. शेवटच्या तिमाहीत हिपॅटायटिस ई झाला तर जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे २० ते २५ टक्क्यांपर्यंत बायका दगावू शकतात. म्हणजे चारांत किंवा पाचांत एक. यकृत अचानक बंद पडतं, रक्त गोठत नाही, बाळही धोक्यात येतं. १९७८ च्या काश्मीरमधल्या साथीचा अभ्यास डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी केला, तेव्हापासून गरोदर बायकांना असलेला हा धोका ठळकपणे नोंदला गेला आहे. मावशींना हेच सांगा: "तुमच्या मुलाला जे चाललं ते सुनेला चालेलच असं नाही, कारण तिच्या पोटात बाळ आहे."

'दवाखान्यात औषध नसतं' याचं उत्तर: विषाणूला मारणारं औषध तिथे रोज देत नाहीत, हे खरं. पण रक्त गोठतंय का, साखर खाली जातेय का, बाळाचे ठोके कसे आहेत, यावर तासातासाला नजर ठेवतात आणि बिघडलं की लगेच हात घालतात. घरी दुधातून रस पाजून ते होत नाही.

पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी) ही तपासणी झाली आहे का विचारा. नसेल तर ती आज झालीच पाहिजे. आयएनआर साधारण १ च्या आसपास असतो. दीडच्या वर गेला तर यकृताचं काम मंदावतंय. आणखी एक, ज्यात चांगले शिकलेलेही फसतात: एसजीपीटी खाली आला म्हणून खूश होऊ नका. एसजीपीटी उतरतोय आणि बिलिरुबिन, आयएनआर चढतायत, तर ते वाईट लक्षण आहे.

ती असंबद्ध बोलायला लागली, दिवसा झोप आणि रात्री जाग असं झालं, हात थरथरले, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं, उलट्या थांबेनात, बाळाची हालचाल कमी वाटली, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करा. गरोदर बाईसाठी १०२ ची गाडीही आहे. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली तपासण्या, औषधं, प्रवास मोफत आहे, तेव्हा खर्चाची भीती दाजींच्या मनात असेल तर काढून टाका. पॅरासिटामॉलसकट कुठलीही गोळी मनाने देऊ नका.

प्रतिसाद: माळरान

मी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात बरीच वर्षं होतो. कावीळ 'उतरवायच्या' हातचलाख्या गावोगाव उघड करून दाखवल्या आहेत. हातावर आंब्याच्या सालीचा रस आधीच लावलेला असतो, मग चुन्याच्या निवळीने हात धुतले की पाणी पिवळं होतं आणि 'कावीळ उतरली'. डोक्यावर ठेवलेली माळ वाढत वाढत गळ्यात येते, कारण ओल्या काटक्यांचे तुकडे वाळून आक्रसतात आणि दोऱ्याच्या गाठी सैल पडतात. निरोग्या माणसाच्या डोक्यावर ठेवली तरी ती तेवढीच वाढते.

पण तुमच्या आजोबांकडे यातलं काही नाही. तेव्हा त्यांच्यावर फसवणुकीचा आरोप करायला जाऊ नका, गाव तुमच्या विरोधात जाईल आणि बहीण मधल्या मध्ये राहील. उलट त्यांनाच फोन करा. बाई गरोदर आहे, डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात न्या म्हणून लिहून दिलंय, एवढं सांगा आणि विचारा. असे औषध देणारे बरेच जण पोटुशी बाईला हात लावत नाहीत. त्यांच्या तोंडून 'आधी दवाखाना' आलं तर मावशींपुढे तुम्हाला काही बोलावंच लागणार नाही.

प्रतिसाद: पाचोळा

बहिणीला रुग्णालयात न्याच, त्यात दुमत नाही. पण सगळी झाडपाल्याची औषधं थोतांड आहेत हा सूर मला पटत नाही. भुईआवळ्यावर संशोधन झालेलं आहे, तेही लॅन्सेटमध्ये छापून आलेलं.

प्रतिसाद: वैद्य, कोकण

पाचोळा, ते संशोधन मी वाचलंय. १९८८ साली मद्रासला झालं. हिपॅटायटिस बी चा विषाणू अंगात बराच काळ राहिलेले लोक होते, भुईआवळा दिलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली, नुसत्या खोट्या गोळीवर २३ पैकी एकाच्या. आम्ही सगळेच हरखलो होतो. पुढे इतरांनी तेच करून पाहिलं तेव्हा तसा निकाल हाती आला नाही. शिवाय तो बी चा जुनाट आजार, इथे साथीची ताजी कावीळ आणि तीही गर्भिणीला. एकावरून दुसऱ्याला लावता येत नाही.

मी आयुर्वेदाचा आहे म्हणून जास्तच कळकळीने लिहितो. माझ्याकडे अशी रुग्ण आली तर मी स्वतः गाडी बोलावून पाठवतो. आमच्या शास्त्रात कामला, म्हणजे कावीळ, आहे, तिचे उपचारही आहेत, पण द्रव्य कोणतं आणि मात्रा किती हे ठाऊक नसताना द्यायचं असं कुठेही नाही. इथे पाल्याचं नावच गुप्त. कोविडच्या काळात गुळवेलीचे काढे घेऊन यकृताला इजा झालेल्या मुंबईच्या ६ रुग्णांची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, तो असा की त्या रुग्णांनी घेतलेली वनस्पती नक्की गुळवेलच होती हे तपासलेलं नाही, तशीच दिसणारी दुसरी वेल असू शकते. म्हणजे दोन्ही बाजू कशावर अडल्या? वनस्पती ओळखण्यावर. मग सुजलेल्या यकृताला बिननावाचा रस कसा पाजायचा?

काही ठिकाणी देवडांगरी नावाच्या वेलीचा रस नाकात टाकतात, तासन्‌तास पिवळं पाणी गळतं आणि कावीळ निघाली म्हणतात. ते नाकाच्या आतल्या त्वचेचं पोळणं आहे. तसलं काही तर मुळीच नको. आणि दुकानातून आरोग्यवर्धिनी हे आयुर्वेदिक औषध आणून देऊ नका, तीत पारा, गंधक, ताम्र भस्म असतं, गर्भिणीला मनाने द्यायचं औषध नव्हे ते.

प्रतिसाद: शेवंता

तिला खायला काय देताय? आमच्याकडे कावीळ म्हटलं की हळद बंद, तेल-तूप बंद, नुसते फुटाणे, ताकभात आणि उसाचा रस. माझ्या जावेचं वजन त्यात इतकं उतरलं की बाळ लहान झालं. डॉक्टर नंतर म्हणाले, पिवळं खाल्ल्याने कावीळ वाढत नाही, पोटाला सोसेल ते सगळं थोडं थोडं खाऊ घालायचं. आणि रसवंतीचा रस तर नकोच, त्यातला बर्फ आणि पाणी कुठलं कोण जाणे, साथ त्यातूनच यायची.

प्रतिसाद: धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. माळरान यांच्या सांगण्यावरून वाटेतच आजोबांना फोन लावला. "पोटुशीला मी देत नाही, आधी सांगायचं नाही का," असं म्हणाले आणि मावशींशी स्वतः बोलले. रात्रीच बहिणीला हलवलं. आयएनआर १.४ आला, रोज दोनदा बघणार आहेत. रिपोर्ट हिपॅटायटिस ई चाच आहे. ती बोलतेय नीट, बाळाचे ठोके चांगले आहेत. डॉक्टर अजून निर्धास्त राहा म्हणत नाहीत. मावशी तिच्याजवळ बसून आहेत, मीच त्यांना जरा झोपायला पाठवलं.

आता ग्रामसभेचं. गावात आणखी तीन गरोदर बायका आहेत असं आशाताई म्हणाल्या. त्या काळजीने झोप नाही. सभेत काय मागू?

प्रतिसाद: माजी सदस्य

मी दहा वर्षं ग्रामपंचायतीत होतो. औषध खरं की खोटं या वादात शिरूच नका, सभा त्यातच संपेल. पाण्याचं मागा.

टाकीत टीसीएल पावडर (पाण्यातले जंतू मारणारी क्लोरीनची पावडर) कधी आणि किती पडली त्याची नोंदवही असते, ती सभेत वाचायला लावा. ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघणारी) टाकीपाशी करून भागत नाही, नळाच्या शेवटच्या घरात पाणी पिवळं होतं का ते बघायचं. गटारातून गेलेली पाइपलाइन कुठे फुटली आहे, पाणी सोडायच्या आधी कुठे घाण ओढली जाते, हे आळीतल्या बायकांना बरोबर माहीत असतं, त्यांना बोलू द्या. गळती सापडून जोडेपर्यंत पाणी उकळूनच प्यायचं, निदान मेडिक्लोरचे (क्लोरीनच्या द्रावणाचे) थेंब टाकून. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा ठराव करा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला लेखी कळवा.

आमच्या भागात २०१२ साली इचलकरंजीत काविळीची केवढी मोठी साथ आली होती ते आठवतं. माणसं गेली. दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेच्या पाण्यात मैला शिरला आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. तेव्हाचे जपून ठेवलेले रक्ताचे नमुने पुढे शास्त्रज्ञांनी तपासले, तेव्हा ही कावीळ ए ची नाही, बी चीही नाही, हे पुढे आलं. तेव्हाही मूळ पाण्यातच होतं.

प्रतिसाद: सांगलीकर डॉक्टर

बहिणीचं वाचून जरा बरं वाटलं. १.४ म्हणजे काठावर आहे, रुग्णालय सोडायची घाई करू नका, कोणी कितीही म्हटलं तरी.

माजी सदस्यांच्या सांगण्यात सभेसाठी एक भर घालतो. विषाणू पोटात गेल्यापासून कावीळ दिसायला २ ते १० आठवडे लागतात. आज पिवळे झालेल्यांनी घाण पाणी महिन्या-दीड महिन्यापूर्वी प्यायलंय. त्यामुळे उद्या पाइप जोडला तरी काही आठवडे नवे रुग्ण येत राहतील, आणि लोक म्हणतील पाणी सुधारून काय झालं. हे आधीच सांगून ठेवा. मंदिरात सगळ्यांना रस पाजला तर उलटं होईल: साथ आपल्या गतीने ओसरेल, श्रेय रसाला जाईल आणि फुटका पाइप तसाच राहील.

त्या तीन गरोदर बायकांसाठी सभेची वाट बघू नका. आशाताईंना आजच त्यांच्या घरी जाऊ द्या. उकळलेलं पाणी, आणि थकवा, मळमळ, लघवीचा रंग यात जरा जरी फरक वाटला तर त्याच दिवशी रक्ततपासणी, पीटी-आयएनआरसकट. आजोबांनी तुमच्या मावशींना जे सांगितलं ते सभेत येऊन सगळ्यांसमोर सांगतील का, तेही विचारून बघा. त्यांचं ऐकणारी घरं आमचं ऐकत नाहीत.