सिनेमा संपला आणि समोरचं जग खोटं वाटलं: ठाणे-नवी मुंबईकरांनो, तुमचे अनुभव सांगा

तलावपाळी
परवा मुलीला 'द मॅट्रिक्स' दाखवत होतो. काळी मांजर दारावरून एकदा जाते, लगेच तशीच परत जाते, तिथे माझा हात आपोआप रिमोटकडे गेला. पोरगी म्हणाली, "बाबा, बंद का करताय?"

कारण जुनं आहे. 2000 साली नौपाड्यात मावसभावाकडे भाड्याच्या व्हीसीडीवर आम्ही चौघांनी हा सिनेमा पाहिला. दुसरी सीडी नुकतीच लावलेली. मांजर दोनदा गेली. भाऊ म्हणाला, "अडकली." उठला, सीडी काढली, बनियनला पुसली, परत लावली. मांजर परत दोनदा. मग थुंकी लावून पुसली. तिसऱ्यांदा आम्ही पुढचा संवाद नीट ऐकला आणि गप्प झालो. सीडी चांगलीच होती, बिघाड सिनेमातल्या त्या मशीननं रचलेल्या खोट्या जगातच होता.

रात्री खाली उतरलो तर गोखले रोडवर एकामागोमाग दोन रिक्षा गेल्या, दोन्हींच्या मागे "आई तुझा आशीर्वाद", अक्षरसुद्धा तेच. मी जागीच थांबलो. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "याला आता ठाण्याला पाठवायला लागणार." आधीच ठाण्यात राहतो, तेवढाच गाडीखर्च वाचला.

तर असं कुणाकुणाचं झालंय? परीक्षण नको, कथानकही नको. तुमचं काय झालं ते लिहा.

सेक्टरवाला
नेरुळ. लग्नाआधीची गोष्ट, मी आणि भाऊ सिडकोच्या घरात राहायचो. तेव्हाच्या आमच्या सेक्टरात सगळ्या इमारती एका साच्यातून काढलेल्या. तोच फिका पिवळा रंग, जिन्याला तीच सिमेंटची जाळी. आदल्या रविवारी टीव्हीवर 'द ट्रूमन शो' बघितला होता. 1998चा, जिम कॅरीचा. त्यात अख्खं गाव म्हणजे टीव्ही मालिकेचा सेट असतो, ट्रूमन सोडून सगळे नट, आणि त्याला ते माहीतच नसतं. एका सकाळी आभाळातून दिवा पडतो, त्यावर व्याधाच्या ताऱ्याचं नाव लिहिलेलं.

बुधवारी शेवटच्या दोन-तीन गाड्यांपैकी एकीनं आलो, अर्धवट झोपेत जिना चढलो. दार उघडंच होतं. आत गेलो, चपला काढल्या. स्वयंपाकघरातून बाईचा आवाज आला, "हात धुवून घ्या, पोळ्या झाल्यात." आणि मी बेसिनकडे वळलो हो! बेसिन डावीकडेच, आमच्यासारखं. कालनिर्णय त्याच खिळ्याला. फक्त त्यावरचे दुधाचे आकडे माझ्या भावाच्या अक्षरात नव्हते, तेव्हा ट्यूब पेटली. हातात चपला घेऊन सुटलो. शेजारची इमारत. त्या बाईंना अजून माहीत नाही, निदान मी तरी तसं समजतो.

तलावपाळी
हात धुतलेत की नाही ते सांगा.

सेक्टरवाला
एक.

रात्रपाळी
मी व्हीएफएक्समध्ये आहे, म्हणजे सिनेमातली खोटी दृश्यं कॉम्प्युटरवर बनवतो. ऐरोलीला राहतो. माझं उलटं झालंय. सिनेमा बघून जग खोटं वाटणं बंद झालं, कारण खोटं कसं बनतं ते रोज हातानं करतो.

नवीन पोराला आधी रोटो देतात. म्हणजे नटाभोवती फ्रेम-फ्रेमला रेघ ओढायची, म्हणजे मागचं काढून दुसरं लावता येतं. सेकंदाला 24 फ्रेमा. एका बाईचे वाऱ्यावर उडणारे केस मी नऊ दिवस कापत होतो. पडद्यावर तो शॉट जेमतेम चार सेकंद, आणि काम चांगलं झालं तर कुणालाच दिसत नाही. दिसलं तर शिव्या.

'मॅट्रिक्स'बद्दल: मशीनच्या जगातले प्रसंग हिरवट आहेत आणि बाहेरचे निळसर. एकदा कळलं की पुढे काय होणार ते रंगावरून ओळखता येतं. गोळ्या चुकवायच्या प्रसंगासाठी नटाभोवती शंभरावर स्थिर कॅमेरे लावले होते. आणि 'इन्सेप्शन'मधली ती गोल फिरणाऱ्या कॉरिडॉरमधली मारामारी लोकांना कॉम्प्युटरची वाटते. ती खरी आहे. अख्खा कॉरिडॉर बांधून ढोलासारखा फिरवला.

कधीतरी सकाळी सहाला शिफ्टवरून येताना खाडीवर धुकं असतं आणि डोक्यात येतं, मागचा डोंगर नीट बसला नाहीये, कडा फार कडक आहे. मग चहा पितो.

उपवन_फेरी
मी 'सोलारिस' बघितला, 1972चा तारकोव्हस्कीचा. मित्रानं "आयुष्य बदलेल" म्हणून बसवलं होतं. त्यात एक गाडी हायवेवरून जातच राहते, जातच राहते. भविष्यातलं शहर म्हणून टोकियोचे रस्ते दाखवलेत म्हणे. मला ते घोडबंदर रोडला गायमुखच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्यासारखं वाटलं आणि झोप लागली. उठलो तेव्हा नायकाची मेलेली बायको जिवंत होती. ते स्वप्न माझं की त्याचं, अजून ठरलेलं नाही. परत बघणार नाही.

निवृत्त_बाई
मी संस्कृत शिकवायचे, ठाण्यातच. नातवाबरोबर 'इन्सेप्शन' बघितला. सगळे शेवटच्या भोवऱ्यावर भांडत होते, पडला तर खरं जग, फिरत राहिला तर स्वप्न. (भोवरा कसला, दोरी नाही काही नाही, बोटांनी फिरवतात ती भिंगरी.) मला मात्र योगवासिष्ठ या संस्कृत ग्रंथातला लवण राजा आठवत होता.

राजा दरबारात बसलेला असतो. एक जादूगार येतो, मोरपिसांचा कुंचा फिरवतो. राजा दोन मुहूर्त, म्हणजे दीडेक तास, निश्चल. तेवढ्यात तो घोड्यावरून रानात जातो, चांडाळकन्येशी लग्न करतो, मुलंबाळं होतात, म्हातारा होतो, दुष्काळ पडतो, शेवटी आगीत शिरतो. आणि सिंहासनावर जागा होतो. इथवर ठीक आहे, स्वप्नच. पण राजा दुसऱ्या दिवशी सैन्य घेऊन विंध्याच्या रानात जातो. तिथे तीच वस्ती असते. तीच म्हातारी सासू, गेलेल्या जावयासाठी रडत असलेली.

वर्गात हे सांगितलं की शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करायची. नातवाला म्हटलं, तुमच्या सिनेमात भिंगरी पडते की नाही एवढंच विचारलंय. इथे ती पडली, आणि तरी स्वप्न संपलं नाही.

क्यूए_महापे
म्हणजे सगळं आपल्याकडे आधीच होतं, असं का बाई?

निवृत्त_बाई
असं मी कुठे म्हटलं? गोष्ट होती. कॅमेरे त्यांनी लावले.

क्यूए_महापे
मान्य. माझं एवढंच: 2003 साली निक बोस्ट्रॉम या तत्त्वज्ञानं मांडलं की पूर्वजांची हुबेहूब जगं चालवणारे संगणक पुढे खरंच भरपूर बनले, तर आपणही अशाच एखाद्या जगात असण्याची शक्यता फार मोठी. मी दहा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. हा प्रोग्रॅम असेल तर ठाणे-बेलापूर रोड टेस्टिंग न करताच लाइव्ह केलाय.

आणि भिंगरीवाल्यांसाठी: 'इन्सेप्शन'मधला नट मायकल केननं 2018मध्ये सांगितलं की दिग्दर्शक नोलाननं त्याला म्हटलं होतं, तू ज्या प्रसंगात आहेस ते खरं. शेवटच्या प्रसंगात तो आहे. झालं, मजा गेली.

खारघरची
लिहू की नको असं चाललं होतं. 'ट्रूमन शो'चंच आहे.

आईला स्मृतिभ्रंश होता. खारघरचं घर तिला शेवटपर्यंत कुणा पाहुण्यांचं वाटलं. संध्याकाळ झाली की पिशवी भरायची. दोन साड्या, फणी, देवाची डबी. "चला, उशीर होईल. गिरगावला जायला हवं." सुरुवातीला आम्ही समजावायचो की आई, चाळ पाडली, आता हेच घर. त्यावर ती रोज नव्यानं रडायची, चाळ रोज नव्यानं पडायची. डॉक्टर म्हणाले, खोडू नका, त्यांच्याबरोबर चाला.

मग बाबांनी युक्ती काढली. पिशवी घ्यायची, पुढच्या गेटनं बाहेर पडायचं, इमारतीला पूर्ण वळसा घालायचा आणि मागच्या गेटनं आत यायचं. दारात म्हणायचं, "आलं गिरगाव." ती हुश्श करून बसायची. हळूहळू सगळेच नाटकात आलो. वॉचमन "आलात का गावाहून" म्हणायचा. शेजारच्या काकू चाळीतल्या कुणी तरी व्हायच्या. मी कधी मुलगी, कधी नणंद. नणंद असताना जरा बोलणी खायचे.

त्या सिनेमात ट्रूमनचा मित्र आहे ना, बिअर घेऊन शेजारी बसतो आणि म्हणतो, मी तुझ्याशी कधीच खोटं बोलणार नाही. ते वाक्यसुद्धा त्याच्या कानात दुसराच कुणी तरी सांगत असतो. कॉलेजात असताना त्या माणसाचा मला इतका राग आला होता! मध्ये परत बघितला, तर मी त्याच्याच चेहऱ्याकडे बघत होते. त्याला रात्री झोप लागत असेल का, असं वाटत राहिलं.

सेक्टरवाला
ताई, माझा विनोद वर वाचला असेल तर माफ करा.

खारघरची
अहो नाही, मी खूप हसले. आईलाही आवडला असता. तीही कुणाच्याही घरात हात धुवायला जायची.

तलावपाळी
बाबा कसे आहेत?

खारघरची
ठणठणीत आहेत. आई जाऊन चार वर्षं झाली. संध्याकाळी सातला चप्पल घालतात, पुढच्या गेटनं बाहेर, मागच्या गेटनं आत. काल मी दार उघडलं तर म्हणाले, "आलं गिरगाव." मी म्हटलं, "या, पाणी देते."