नादारीचा अर्ज करायचा ठरतंय, पण राहत्या फ्लॅटचं आणि घरच्यांचं काय? (सांगली)

कुपवाडकर
कुपवाड एमआयडीसीतलं फॅब्रिकेशनचं युनिट बंद केलंय. धंदा एकट्याच्या नावावर होता, कंपनी नाही. देणी अशी:

अर्बन बँकेचं घरकर्ज, बाकी १९ लाख. तारण विश्रामबागेतला फ्लॅट, आजचा भाव साधारण ३२ लाख. पाच हप्ते थकलेत, सरफेसी कायद्याची (बँकेला कोर्टात न जाता तारण विकू देणारा कायदा) कलम १३(२) ची नोटीस गेल्या आठवड्यात आली.
पतसंस्था ८ लाख. दोन जामीनदार, एक मेहुणा आणि एक शेजारी.
हातउसने आणि मालाची उधारी मिळून १४ लाख. त्यातले दोन चेक परत गेलेत.

फ्लॅट एकट्याच्या नावावर, बायको सहकर्जदार नाही. तासगाव तालुक्यात ३० गुंठे वडिलोपार्जित, भावाबरोबर सामाईक. घरात आई, बायको, नववीतली मुलगी, पाचवीतला मुलगा. नादारीचा, म्हणजे कोर्टाकडून दिवाळखोर ठरवून घ्यायचा, अर्ज दिला तर फ्लॅट वाचतो का? आणि घर चालवताना काय सांभाळायचं?

कोर्टाची पायरी
फ्लॅट वाचत नाही. हे आधी डोक्यात पक्कं बसवा, कारण निम्मे लोक याच समजुतीवर अर्ज देतात.

सांगलीत तुम्हाला लागू होतो तो १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींचा भाग सामान्य माणसाला अजून लागू केलेला नाही, फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना १ डिसेंबर २०१९ पासून लागू आहे. त्या संहितेच्या नावाखाली कुणी फी मागत असेल तर उठून या.

अर्ज विजयनगरला जिल्हा न्यायालयात. सगळ्या धनकोंची (ज्यांचे पैसे देणं आहे त्यांची) नावं, पत्ते, रकमा, तुमची सगळी मालमत्ता किमतीसह, हिशेबाच्या वह्या. एकही देणं वगळू नका, मित्राचे हातउसने सुद्धा. नादार ठरवल्याचा हुकूम झाला की मालमत्ता कोर्टाच्या किंवा कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते आणि विनातारण धनकोला कोर्टाच्या परवानगीशिवाय नवा दावा लावता येत नाही. अटकेपासून संरक्षणाचा हुकूम मात्र वेगळा मागावा लागतो, तो आपोआप मिळत नाही. तारण असलेला धनको या सगळ्याच्या बाहेर राहतो (कलम २८, पोटकलम ६). म्हणजे बँक सरफेसीखाली फ्लॅट विकू शकते, नादारी असो वा नसो. सहकारी बँकेला सरफेसी लागत नाही हा जुना मुद्दाही संपलाय, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये निकाल दिला, आणि तो खटला आपल्या शेजारच्या मुरगूडच्या बँकेचाच होता.

पतसंस्था सरफेसीत येत नाही. ती सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला घेते. त्या सुनावणीला हजर राहा, व्याजाचा उतारा मागा आणि हरकत लेखी द्या. दाखला निघाल्यावर फेरतपासणीला जायचं तर वसुलीच्या रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात, आणि तिथेच सगळे अडकतात.

कशाला हात लागत नाही: दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मधलं सगळं. कपडे, भांडी, अंथरूण-पांघरूण, मंगळसूत्र, कारागिराची हत्यारं, पीएफ, स्वतःच्या आयुर्विम्याची रक्कम. नोकरी धरलीत तर साध्या पैशाच्या हुकूमनाम्यात पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुटतात. ‘राहतं घर जप्त होत नाही’ असं ऐकलं असेल, तर ती सवलत शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या घराला आहे. विश्रामबागेतल्या फ्लॅटला ती लावून घेणारा न्यायाधीश भेटणार नाही.

जुना वसुलीवाला
वरचं बरोबर आहे, म्हणून फ्लॅटचा निर्णय नादारीच्या आधी घ्या.

नोटिशीपासून ६० दिवस आहेत. त्यात लेखी हरकत द्या, बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हरकत भावनिक नको, आकड्यांची हवी: एनपीएची (खातं थकीत ठरवल्याची) तारीख, दंडव्याज, जमा न दाखवलेला हप्ता. प्रतीवर पोच घ्या. त्यानंतर १३(४) ची नोटीस दारावर लागते आणि दोन पेपरांत छापून येते. हा सांकेतिक ताबा, घराबाहेर कोणी काढत नाही. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि मग पोलीस बंदोबस्तात माणसं येतात. १३(४) विरुद्ध अपील ४५ दिवसांत डीआरटीकडे (कर्जवसुली न्यायाधिकरण), आपल्याला पुणं. दिवाणी कोर्टातून स्टे आणतो म्हणणाऱ्यावर पैसे घालवू नका, सरफेसीत त्या कोर्टाला अधिकारच नाही. आणि लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की थकबाकी भरून फ्लॅट सोडवायचा हक्कही जातो.

आता मुख्य गोष्ट. १३(२) ची नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय फ्लॅट विकता येत नाही. पण संमती मागितली तर बहुतेक बँका देतात, त्यांनाही लिलावाची कटकट नको असते. गिऱ्हाईक आणा, त्रिपक्षीय पत्र करा, गिऱ्हाइकाचा डीडी थेट कर्जखात्यावर, बोजा कमी केल्याचं पत्र आणि मूळ कागद त्याच दिवशी. विसार घेण्याआधी बँकेचं अंतिम देय रकमेचं पत्र हातात असू द्या, नाहीतर खरेदीखताच्या दिवशी रक्कम लाखाने वाढलेली निघते आणि गिऱ्हाईक पळतं.

हिशेब बघा. ३२ ला विकून बँकेचे व्याजखर्चासह २० गेले तर १२ उरतात. विनातारण देणी २२. रुपयाला ५४ पैसे. लिलावात २६ आले तर उरतात ६, म्हणजे २७ पैसे. नादारीतून मुक्ततेच्या (उरलेल्या देण्यांतून सुटकेच्या) वेळी कोर्ट बघतं की मालमत्ता रुपयाला ५० पैसे भरते का. भरत नसेल तर ते तुमच्या हाताबाहेरच्या कारणाने झालं हे तुम्हाला पटवून द्यावं लागतं, नाहीतर बिनशर्त मुक्तता मिळत नाही. फ्लॅट कसा विकला जातो यावर पुढचं सगळं लटकलंय. खरं सांगायचं तर १२ लाख रोख हातात असताना सगळ्यांना एकत्र बसवून तडजोड होते का ते आधी बघा. नादारीत गेल्यावरही तडजोडीचा प्रस्ताव ठेवता येतो. देणं सिद्ध केलेल्या धनकोंपैकी संख्येने बहुमत आणि रकमेने तीन चतुर्थांश तयार झाले आणि कोर्टाने मान्य केलं, तर एखाद्या अडेलतट्टूचं चालत नाही.

कुपवाडकर
आभारी आहे. दोन शंका. त्या १२ लाखांतून आधी पतसंस्था मिटवली तर मेहुणा सुटतो, ते चालेल का? आणि गावच्या जमिनीवरचा हक्क भावाला सोडून दिला तर?

कोर्टाची पायरी
दोन्ही करू नका. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एकाला झुकतं माप देऊन फेडलेलं नादारी कायद्याच्या कलम ५४ खाली उलटतं. हक्कसोडपत्र, बक्षीसपत्र, बायकोच्या नावावर बदल, हे दोन वर्षांपर्यंत मागे जाऊन कलम ५३ खाली रद्द होतं, आणि मुक्ततेच्या वेळी तुमच्या विरुद्ध वाचलं जातं. जमिनीतला तुमचा हिस्सा यादीत दाखवा. भावाचा हिस्सा कुणी घेत नाही.

जामीनदार तुमच्या नादारीने सुटत नाहीत, तुमची मुक्तता झाली तरी नाहीत. मेहुण्याला आणि शेजाऱ्याला आजच सांगा, म्हणजे १०१ च्या सुनावणीला ते स्वतः हजर राहतील. त्यांनी भरलेली रक्कम ते तुमच्या नादारीत धनको म्हणून मागू शकतात.

परत गेलेल्या चेकची केस फौजदारी आहे, नादारीने थांबत नाही. ती लोकअदालतीत मिटवा, म्हणजे रेकॉर्डवर येतं.

विट्याची ताई
घराचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते, दादा.

ताबा जायची वाट बघत बसू नका. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करा आणि नोंदवूनच घ्या, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात नोंदणी सक्तीची आहे. वहिनींची स्वतःची कमाई असेल तर करार त्यांच्या नावावर. आईंना जिना नको, तळमजला बघा.

घर बदललं की नवा पत्ता कोर्ट, बँक, पतसंस्था, निबंधक कार्यालय सगळीकडे लेखी कळवा. हे लोक विसरतात. नोटीस जुन्या दारावर चिकटते, तारीख निघून जाते आणि एकतर्फी निकाल होतो. शेजारच्या काकूंच्या भरवशावर टपाल ठेवू नका.

नोकरीचा पगार कर्ज नसलेल्या बँकेत घ्या, कारण कर्जाची बँक खात्यातली शिल्लक थकबाकीत वळती करून घेते. खातं लपवायचं मात्र नाही, अर्जात लिहायचं. वहिनींचं खातं वेगळं, जोडखातं नको. त्यांचं स्त्रीधन त्यांचंच आहे, पण पुरावा हवा: पावत्या, लग्नातले फोटो, वजनासह यादी. ते सोनं दादांच्या नावाने तारण ठेवलंत की ते कोणाचं हे सिद्ध करत बसावं लागतं. वहिनींनी आता कुठल्याही ‘नवंजुनं’ (जुनं फेडायला नवं) कर्जाला सही करायची नाही. बँकेचा माणूस घरी येऊन ‘फक्त साक्षीदार म्हणून’ सांगेल, कागद वाचल्याशिवाय पेन उचलायचं नाही.

शाळा: मुलगा पाचवीत, त्याला आठवीपर्यंत आरटीईचं (शिक्षण हक्क कायद्याचं) संरक्षण आहे, दाखला आला नाही म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. मुलीचं तसं नाही. तिची शाळा बदलायची तर नववी संपताच, दहावीच्या मध्यात नको. शक्यतो बदलूच नका, घर शाळेजवळ शोधा.

वसुलीची माणसं सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मुलांच्या फोनवर आले तर कॉलची नोंद ठेवा. वकिलाची फी झेपत नसेल तर कोर्टातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही, वहिनींना स्वतःच्या बाजूसाठी वकील मिळतो.

आणि किराणा रोखीने. नादार ठरल्यावर आपली स्थिती न सांगता ५० रुपयांची उधारी घेतली तरी सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. रक्कम १९२० ची आहे, कुणी वाढवली नाही. दुकानदार तक्रार करणार नाही, पण नाराज धनको याच गोष्टी शोधत असतो.

जुना वसुलीवाला
एक राहिलं. त्या १४ लाखांत कुणी महिना ५ टक्क्यांनी दिलेले आहेत का? परवाना नसलेला सावकार असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करा, कोरे चेक किंवा सही केलेले स्टॅम्प त्याच्याकडे असतील तर तेही लिहा. नादारीच्या यादीत त्याचं नाव टाका, पण रकमेपुढे ‘वादग्रस्त’ लिहा आणि खरोखर हातात किती आले होते तो आकडा द्या.

कुपवाडकर
एक आहे, दीड लाखाचा. कोरे दोन चेक त्याच्याकडे आहेत. उद्या बँकेत अंतिम रकमेचं पत्र मागतो आणि तिथून उपनिबंधक कार्यालय.