मधुमेही पायाची जखम आणि बाह्यरुग्ण विभागातील प्रतिजैविके

प्रश्न : वडिलांच्या तळव्यावरील जखमेला सूज, लाली वा पू नसल्याने डॉक्टरांनी प्रतिजैविक दिले नाही. हे योग्य आहे का?

उत्तर १ : योग्यच आहे. संसर्गाची लक्षणे नसलेली जखम प्रतिजैविकाने लवकर भरत नाही. उलट जुलाब आणि औषधाला न जुमानणारे जंतू पदरी पडतात. जखमेवरचा दाब काढणे, मृत पेशी खरवडणे, पायातील रक्तपुरवठा तपासणे आणि साखर आटोक्यात ठेवणे, हाच खरा उपचार.

उत्तर २ : सहमत, मात्र लाली, ऊब, सूज, दुखणे, पू यांपैकी दोन लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी दाखवा. बधिर पायाला वेदना जाणवत नाही, म्हणून रोज डोळ्यांनी पाहा. त्वचेच्या संसर्गाला सहसा १ ते २ आठवडे औषध पुरते. हाडापर्यंत पोचल्यास, शस्त्रक्रिया न केल्यास, सुमारे ६ आठवडे.

उत्तर ३ : संसर्ग दिसल्यास कल्चरसाठी (जंतू कोणते ते ओळखण्याच्या तपासणीसाठी) जखम स्वच्छ करून खोलवरचा ऊतींचा तुकडा घ्यावा, वरवरच्या स्वॅबवर (बोळ्याने पुसून घेतलेल्या नमुन्यावर) विसंबू नये.