मदत हवी आहे : धनबादजवळच्या चासनाला स्मारकाला जायचंय

नमस्कार मंडळी, भुसावळहून लिहितोय. वडिलांनी दीपनगरच्या वीजकेंद्रात जन्मभर कोळसा हाताळला, खाण मात्र कधी पाहिली नाही. आता वय ७४. त्यांना चासनाल्याच्या स्मारकावर फूल वाहायचंय. २७ डिसेंबर १९७५ ला जुन्या, बंद खाणीत साठलेलं पाणी खालच्या खाणीत फुटलं आणि पावणेचारशेच्या आसपास कामगार आतच राहिले. रेडिओवरची ती बातमी बाबांना अजून आठवते.

कोलकाता मेल इथून थेट धनबादला जाते, ते ठीक. पुढे रिक्षा मिळते, की दिवसभराची गाडी ठरवावी? २७ डिसेंबरच्या श्रद्धांजलीला बाहेरच्यांना जाऊ देतात का? बाबांचे गुडघे दुखतात. तिथे पायऱ्या किती आहेत? कुणी जाऊन आलं असेल तर कृपया सांगा.